तिचा पहिला जबाब : महाराष्ट्र पोलीस अकादमीच्या प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक आणि सर्व प्रशिक्षक,
महाराष्ट्र पोलीस अकादमी, नाशिक.

विषय : प्रशिक्षणार्थी उपनिरीक्षकांना ‘अनबिलिव्हेबल’ या मालिकेचा पहिला भाग दाखवण्याबाबत व त्यावर चर्चा घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

आपल्या अकादमीतून बाहेर पडणारा प्रत्येक उपनिरीक्षक पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत कितीतरी मुलींचे जबाब नोंदवणार असतो, आणि त्यांतल्या बहुतेक मुलींना शासन म्हणून भेटणारा तो पहिला माणूस असतो. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या अल्पवयीन मुलींसोबत पोलीस ठाण्यात, रुग्णालयात आणि न्यायालयात जाण्याचे काम मी करते. पोक्सो या, मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या नियमांमध्ये या कामाला ‘सपोर्ट पर्सन’ असे नाव आहे. त्या कामाच्या आधारावर मी आपल्याला ही विनंती करत आहे. २०१९ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या आठ भागांच्या या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग प्रत्येक तुकडीला दाखवला जावा, त्यावर सविस्तर चर्चा व्हावी, आणि त्याच चर्चेत आपल्याच राज्यातील एका जुन्या प्रकरणाचा अभ्यास व्हावा.

या मालिकेमागे खरी घटना आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटलच्या उत्तरेला लिनवुड नावाचे शहर आहे. तिथे ऑगस्ट २००८ मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलीने फिर्याद दिली की, पहाटे एक अनोळखी माणूस तिच्या घरात शिरला, त्याने चाकूचा धाक दाखवून तिला बांधले, तिच्यावर बलात्कार केला आणि तिची छायाचित्रे काढली. ती मुलगी लहानपणापासून एका पालक-कुटुंबातून दुसऱ्या पालक-कुटुंबात वाढलेली होती आणि अशा मुलांना स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या एका योजनेच्या आधाराने नुकतीच एकटी राहू लागली होती. काही दिवसांतच पोलिसांनी तिला ही सगळी कहाणी रचलेली आहे असे कबूल करायला लावले, आणि पुढे तिच्यावरच खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा दाखल केला. अडीच वर्षांनी, कोलोरॅडो राज्यातील दोन महिला अधिकाऱ्यांनी एका सराईत गुन्हेगाराला पकडले, तेव्हा त्याच्याकडे जपून ठेवलेल्या छायाचित्रांमध्ये या मुलीची छायाचित्रे सापडली. तिचाच शिकाऊ वाहनपरवाना तिच्या अंगावर ठेवून ती काढलेली होती. तिने सांगितलेले खरे होते. प्रोपब्लिका आणि द मार्शल प्रोजेक्ट या दोन वृत्तसंस्थांनी २०१५ मध्ये या प्रकरणाचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्यावरून ही मालिका तयार झाली. मालिकेत त्या मुलीचे नाव मरी अ‍ॅडलर असे आहे आणि केटलिन डेव्हर या अभिनेत्रीने तिची भूमिका केली आहे.

मी फक्त पहिल्या भागाचा आग्रह का धरते, ते सांगते. पुढच्या भागांत तपास आहे, माग काढणे आहे, गुन्हेगार सापडण्याचे समाधान आहे. ते भाग पाहताना कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला आपण कोलोरॅडोच्या त्या दोघींसारखे आहोत असेच वाटणार. पहिल्या भागात मात्र कोणीही दुष्ट नाही. लिनवुडचा तपासी अधिकारी मुलीवर हात उगारत नाही, शिवी देत नाही, लाच मागत नाही. तो सभ्य आहे, कामसू आहे, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे तो आपले काम करतो आहे. तरीही तो भाग संपेपर्यंत एक पोरकी मुलगी पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली असते. हे कसे घडले, याची एकेक पायरी तिथे दिसते, आणि त्यातली एकही पायरी आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांना परकी नाही.

पहिली पायरी म्हणजे तेच तेच सांगायला लावणे. घरी आलेल्या पोलिसाला ती सगळे सांगते. नंतर तपासी अधिकारी येतो, त्याला पुन्हा सांगते. रुग्णालयात तपासणीच्या वेळी पुन्हा सांगते. मग ठाण्यात तिच्यापुढे कागद ठेवून सगळे स्वतःच्या हाताने लिहून दे असे सांगितले जाते. तिला झोप नाही, डोके दुखते आहे, तरी ती लिहिते. एवढ्या वेळा सांगितलेल्या हकिकतीत काही ठिकाणी फरक पडणारच, आणि तो पडतो. प्रत्यक्ष प्रकरणातील असा एक फरक मी इथे मुद्दाम सांगते. हल्लेखोराने तिचे हात तिच्याच बुटांच्या लेसने बांधले होते. तो निघून गेल्यावर तिने आधी लेस कापून मग मित्राला फोन लावला, की हात बांधलेले असतानाच फोन लावण्याचा प्रयत्न केला, याबाबत तिच्या दोन कथनांत तफावत होती. पोलिसांच्या नजरेत ही तफावत मोठी झाली. तिच्या मनगटांवर बांधल्याचे वळ उमटले होते आणि वैद्यकीय तपासणीत त्यांची नोंदही झाली होती, हे मात्र त्या तफावतीपुढे मागे पडले.

भीतीने गोठलेल्या माणसाला एखादा वास, एखादा आवाज, समोरच्या माणसाच्या अंगावरची एखादी खूण लख्ख आठवते. घटनांचा क्रम आणि त्यांत गेलेला वेळ मात्र पुसट होतो. हे मानसोपचाराच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे आणि आपल्याकडेही व्याख्यानांतून सांगितले जात असेल. पण व्याख्यानात ऐकलेले ज्ञान रात्री अकरा वाजता ठाण्यात उपयोगी पडत नाही. तिथे उपयोगी पडते ती सवय, आणि ती डोळ्यांसमोर उदाहरण ठेवल्याशिवाय लागत नाही.

दुसरी पायरी वागणुकीची. मरी फार रडत नाही. पूर्वी तिला सांभाळलेल्या एका बाईबरोबर ती नवी चादर घ्यायला दुकानात जाते आणि हल्ल्याच्या रात्री होती अगदी तशीच चादर मागते. ती तशी मिळत नाही म्हणून अस्वस्थ होते. त्या बाईला हे विचित्र वाटते. दुसऱ्या पालकमातेला वाटते की ही मुलगी लक्ष वेधून घेण्यासाठी असे बोलत असावी, आणि ती आपली शंका तपासी अधिकाऱ्याला सांगते. तिच्या मनात वाईट काही नाही, ती आपल्या परीने मदतच करते आहे. पण त्या क्षणापासून तपासाची दिशा पालटते. हल्लेखोर कोण, हा प्रश्न बाजूला पडतो आणि मुलगी खोटे का बोलते, या प्रश्नाचे उत्तर शोधले जाऊ लागते. ‘ती रडली नाही’, ‘ती मोबाईल बघत बसली होती’, ‘ती हसली’, ‘दुसऱ्या दिवशी शाळेत गेली’ ही वाक्ये मी आपल्या राज्यातील अधिकाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या आणि मुलीच्या सख्ख्या मावशी-काकूंच्याही तोंडून ऐकली आहेत. घरच्यांनी शंका घेतली की पोलिसांना ती पुराव्यासारखी वाटते. वास्तविक घरच्यांची शंका हा पुरावा नव्हे. अनेकदा तो त्यांचा स्वतःचा धक्का असतो, आणि आरोपी नात्यातला असेल तर घर वाचवण्याची धडपडही असते.

तिसरी पायरी म्हणजे माघार. पोलीस तिला एका खोलीत बसवून तुझ्या बोलण्यात मेळ नाही असे सांगत राहतात, आणि शेवटी ती त्यांना हवे ते लिहून देते, कारण तसे लिहिले की घरी जाता येईल एवढेच तिला कळते. नंतर ती पुन्हा सांगू पाहते की बलात्कार झाला होता, मी खोटेपणा शोधणारी चाचणीही द्यायला तयार आहे. प्रत्यक्ष प्रकरणात तिला असे सांगण्यात आले की, चाचणीत नापास झालीस तर तुरुंगात जाशील आणि राहण्यासाठी मिळणारे साहाय्यही जाईल. ती पुन्हा माघार घेते. ज्या योजनेतून तिला घर मिळाले होते, तिथल्या इतर मुलामुलींसमोर उभे राहून आपण खोटे बोललो असे तिला सांगावे लागते. मग खोटी फिर्याद दिल्याबद्दल खटला, देखरेख, समुपदेशनाची सक्ती आणि ५०० डॉलर न्यायालयीन खर्च. मैत्रिणी दुरावतात आणि कामावर जाणे अशक्य होते. अत्याचाराने जे हिरावले नव्हते तेही या प्रक्रियेने हिरावले.

या चुकीची किंमत त्या एका मुलीपुरती राहिली नाही. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, जवळच्याच कर्कलंड शहरात एका वयस्क स्त्रीवर तशाच पद्धतीने हल्ला झाला. कर्कलंडच्या पोलिसांनी साम्य ओळखून लिनवुडला विचारणा केली, तेव्हा आमच्याकडची फिर्याद खोटी निघाली असे त्यांना सांगण्यात आले. मागावर आलेले लोक परत फिरले. पुढे तोच माणूस कोलोरॅडोत गेला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अरोरा, ऑगस्ट २०१० मध्ये वेस्टमिन्स्टर, जानेवारी २०११ मध्ये गोल्डन अशा ठिकाणी त्याने स्त्रियांवर अत्याचार केले. ‘खोटी’ असा शेरा मारून बंद केलेली एक फाईल गुन्हेगाराच्या किती उपयोगी पडते, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

गोल्डनच्या महिला अधिकाऱ्याने काय वेगळे केले? मालिकेत मेरिट वेव्हर यांनी साकारलेली ही अधिकारी पीडितेला कुठे बसून बोलायला बरे वाटेल ते आधी विचारते, तिला लोकांपासून दूर गाडीत बसवते, घाई करत नाही, मधे तोडत नाही, आणि तिचा शांतपणा पाहून कसलाही निष्कर्ष काढत नाही. प्रत्यक्षातही त्या अधिकाऱ्याला पीडितेकडून हल्लेखोराच्या पोटरीवरची जन्मखूण कळली, आणि ती पुढे फार महत्त्वाची ठरली. त्या रात्री घरी गेल्यावर ती आपल्या पतीशी या प्रकरणाबद्दल बोलली. तोही शेजारच्या वेस्टमिन्स्टरमध्ये पोलीस होता, आणि आमच्याकडेही असेच एक प्रकरण आहे असे त्याने सांगितले. दोन्ही ठिकाणच्या पोलिसांनी कागद एकत्र केले, एका संशयास्पद पिकअप ट्रकची जुनी नोंद शोधून काढली, आणि सहा आठवड्यांच्या आत आरोपी हातात आला. त्याला ३२७ वर्षे ६ महिने इतकी शिक्षा झाली. इतरांना सुचणार नाही असे काही त्या दोघींनी केले नव्हते. पीडितेने सांगितलेले आधी खरे धरून त्यांनी ते तपासले.

आता आपल्या राज्याकडे येते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आजच्या गडचिरोलीतील, देसाईगंज पोलीस ठाण्यात काय घडले, हे आपल्याला ठाऊकच आहे. भावाने दिलेल्या तक्रारीवरून एका आदिवासी अनाथ मुलीला जबाबासाठी ठाण्यात आणले होते. डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितले. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवण्यात आले, आणि ठाण्यातल्याच पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. देशभर हे प्रकरण त्या मुलीच्याच नावाने ओळखले जाते. मी ते नाव इथे लिहीत नाही, कारण ज्या कायद्याने असे नाव छापण्यास मनाई केली, तो कायदाच या प्रकरणामुळे झाला.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडताना त्या मुलीला धक्कादायक थापाडी ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवून शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये ती शिक्षा रद्द केली, आणि कारणांमध्ये तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नसल्याचे सांगितले. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसासमोर चौदा-पंधरा वर्षांची शेतमजुरी करणारी पोर कोणता प्रतिकार करणार होती, हा प्रश्न त्या निकालाने विचारलाच नाही. तो प्रश्न वर्षभराने उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी विचारला, आणि तोही सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून. त्या पत्रानंतर मुंबई-दिल्लीसह अनेक शहरांतील स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा अन्य कोठडीत असलेल्या स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरले जाईल, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. देसाईगंजची ती मुलगी आणि लिनवुडची ही मुलगी यांच्यात छत्तीस वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे, आणि गुन्ह्याचे स्वरूपही अगदी वेगळे आहे. पण दोघींच्याही बाबतीत न्यायव्यवस्थेने अत्याचार करणाऱ्याची चौकशी करण्याआधी मुलीच्या खरेपणाची चौकशी केली, आणि दोघीही अशा होत्या की ज्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहायला आई-बाप नव्हते.

आजचा आपला कायदा पुष्कळ सुधारला आहे, हे मी मनापासून मान्य करते. पोक्सोमध्ये म्हटले आहे की, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि विश्वासातल्या माणसासमोर नोंदवावा. कोणत्याही मुलाला रात्री ठाण्यात थांबवू नये. शक्य असेल तिथे जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण करावे. माहिती मिळूनही गुन्हा न नोंदवणे हाच त्या कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चिमुकल्या मुलींच्या पालकांना फिर्याद नोंदवून घेतली जावी म्हणून तासन्‌तास ताटकळावे लागले, आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना धारेवर धरावे लागले. कायद्याची पुस्तके तिथल्या ठाण्यातही होतीच.

नियम पाळला म्हणजे मुलीवर विश्वास ठेवला असे होत नाही, हे मी रोज पाहते. एक प्रसंग सांगते. ठाण्याचे आणि मुलीचे नाव अर्थातच सांगत नाही. सोळा वर्षांच्या एका मुलीने ठाणे अंमलदाराला घटनेची वेळ आठच्या सुमाराची सांगितली. दुसऱ्या दिवशी पुरवणी जबाबात तिने नऊ वाजून गेले होते असे सांगितले. खोलीतले वातावरण तिथल्या तिथे बदलले. ‘बाळा, नीट आठव, काल तर आठ म्हणालीस’ हे वाक्य पहिल्यांदा मायेने, दुसऱ्यांदा कोरडेपणाने आणि तिसऱ्यांदा दरडावून म्हटले गेले, आणि मुलगी गप्प झाली. त्या ठाण्यात नुकत्याच रुजू झालेल्या एका महिला उपनिरीक्षकाने मात्र तिला वेगळेच विचारले : तुला वेळ कशावरून कळली? मुलगी म्हणाली, नळाला पाणी आले होते, मी हंडा लावला होता. त्यांच्या वस्तीत पाणी आठला येते, म्हणून तिने आठ सांगितले होते; पण बरोबर नव्हते वाटत, म्हणून नऊ सांगितले. त्या उपनिरीक्षक बाईंनी शेजारच्या दोन घरांत चौकशी केली. त्या दिवशी पाणी तासभर उशिराच आले होते. अशा रीतीने जी तफावत मुलीला खोटी ठरवणार होती, तिनेच तिच्या कथनाला आधार दिला. त्या बाई आपल्याच अकादमीतून शिकून बाहेर पडलेल्या असणार, हे मला नमूद करायलाच हवे, कारण हे पत्र केवळ तक्रारीचे नाही.

याच्या उलटही घडते, आणि तिथे ‘बी समरी’ हा आपल्या पोलीस कामकाजातला प्रकार येतो. समरी म्हणजे तपास बंद करण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवला जाणारा अहवाल. गुन्हा खरा पण पुरावा किंवा आरोपी नाही, तर ए समरी. फिर्याद जाणूनबुजून खोटी, तर बी. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची, तर सी. मुलीने जबाब फिरवला की बी समरीकडे हात जातो, कारण ती वाट सोपी असते. परंतु जबाब फिरवणे आणि फिर्याद खोटी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुली जबाब का फिरवतात, ते आम्हाला जवळून दिसते : आरोपी चुलता असतो आणि घर त्याच्या पैशांवर चालते, आई म्हणते तुझ्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, गावात बैठक बसते, किंवा नुसते ठाण्याच्या चकरा मारून ती थकते आणि एकदाचे संपवा म्हणते. अशा वेळी माघार का घेतली गेली याचा तपास होणे हाही तपासाचाच भाग आहे. समरी मंजूर करण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन तिचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे. पण ठाण्यात ज्या मुलीचे तोंड मिटले, ती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन ते उघडेल ही अपेक्षा फार मोठी आहे. पोक्सोने मुलाच्या खोट्या माहितीबद्दल मुलाला शिक्षा करू नये असे स्पष्ट म्हटले आहे, त्यामागे ही जाणीव आहे.

इथे एक फट मात्र उरते, आणि ती लिनवुडच्या प्रकरणाने मला पहिल्यांदा दाखवली. ती मुलगी अठरा वर्षांची होती. आपल्याकडे ती असती तर पोक्सोचे एकही संरक्षण तिला मिळाले नसते. उलट खोटी माहिती दिल्याबद्दल भारतीय न्याय संहितेखाली तिच्यावर कारवाई होऊ शकली असती. राज्यातील बालगृहांत वाढलेल्या मुली अठरा पूर्ण झाल्या की बाहेर पडतात. काहींना अनुरक्षणगृहात, म्हणजे अशा मुलींसाठीच्या पुढच्या वसतिगृहात, जागा मिळते, बऱ्याच जणी भाड्याच्या खोलीत, एखाद्या दुकानात किंवा रुग्णालयात काम धरून एकट्या राहतात. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्या कायद्याच्या नजरेत प्रौढ होतात, पण त्यांच्यासाठी ठाण्यात धावून येणारे कोणी नसते, आणि त्यांची पार्श्वभूमी कळताच ‘बालगृहातली आहे, हिचे काय सांगावे’ असे बोलले जाते. फिर्यादी अठरा ते एकवीस वयाची आणि निराधार असेल, तर पोक्सोतील जबाबाची पद्धत स्वेच्छेने वापरण्यास कोणताही कायदा तुम्हाला रोखत नाही. हे प्रशिक्षणात सांगता येईल, त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहायला नको.

खोट्या फिर्यादी येतात, असे अधिकारी मला सांगतात, आणि मी ते नाकारत नाही. प्रेमप्रकरणातून पळून गेलेल्या मुलीच्या वडिलांनी मुलावर पोक्सोचा गुन्हा दाखल केल्याची प्रकरणे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. पण तिथेही मुलीचे म्हणणे कोणी ऐकलेले नसते. फिर्याद वडिलांची असते आणि खोटेपणाचा शिक्का मुलीच्या माथी बसतो. खोटेपणा शोधायचा तर तोही तपासाने शोधावा : सीडीआर म्हणजे मोबाईल कॉलच्या नोंदी, सीसीटीव्ही, वैद्यकीय अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब. लिनवुडच्या पोलिसांनी ते केले असते, तर आजूबाजूच्या शहरांतल्या नोंदी शोधल्या असत्या आणि निदान काही महिने फाईल उघडी ठेवली असती. त्या पोलीस खात्याच्या कामाचा नंतर बाहेरच्या अधिकाऱ्याकडून आढावा घेण्यात आला, त्यात मुलीवर दडपण आणले गेल्याचे स्पष्ट म्हटले आहे. शहराने तिचे ५०० डॉलर परत केले आणि २०१४ मध्ये दीड लाख डॉलर देऊन दावा मिटवला. मालिकेच्या शेवटी ती तपासी अधिकाऱ्याला भेटून पुढच्या वेळी काम नीट करा एवढेच सांगते. तो माणूसही आतून कोसळलेला दिसतो. आपल्या तरुण अधिकाऱ्यांनी तोही प्रसंग पाहावा असे मला वाटते, कारण अशी चूक अधिकाऱ्यालाही आयुष्यभर पुरते.

ठाण्यांतील मनुष्यबळ अपुरे आहे, बंदोबस्त, सण, निवडणुका यांतून महिला अधिकाऱ्याला एका मुलीसाठी तीन तास काढणे कठीण जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण लिनवुडच्या अधिकाऱ्यांनी त्या मुलीला खोटे ठरवण्यासाठी जेवढा वेळ खर्च केला, तेवढ्यात आजूबाजूच्या शहरांना चार फोन सहज झाले असते.

आता प्रत्यक्ष सूचना. पहिला भाग साधारण तासाभराचा आहे. संवाद इंग्रजीत आहेत, त्यामुळे मधे मधे थांबवून मराठीत समजावून सांगणारे कोणी हवे. आमच्यापैकी काही जणी हे काम विनामोबदला करायला तयार आहेत. नाशिकमध्ये उपनिरीक्षकांसाठी हे सुरू झाले, तर खंडाळा, मरोळ, जालना, अकोला इथल्या प्रशिक्षण केंद्रांतील अंमलदारांपर्यंतही ते न्यावे, कारण मुलगी ठाण्यात येते तेव्हा खुर्चीवर बहुधा अंमलदारच असतो. भाग पाहून झाल्यावर लगेच मते विचारू नयेत. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला एक कोरा कागद द्यावा आणि त्यावर त्या सकाळी त्या घरात व रुग्णालयात उपलब्ध असलेल्या भौतिक पुराव्यांची यादी करायला सांगावी : मनगटांवरचे वळ, कापलेली लेस, स्वयंपाकघरातला चाकू, मागचे दार, अंथरूण, वैद्यकीय नमुने. प्रत्येक गोष्टीपुढे तिची तपासणी कोणी, कधी आणि किती केली ते लिहायला सांगावे. कागद भरून झाले की मग विचारावे की, ज्या दिवशी तिच्याकडून माघार लिहून घेतली, त्या दिवशी फिर्याद खोटी म्हणण्याइतके तपासी अधिकाऱ्याच्या हातात काय होते. त्यानंतर देसाईगंज प्रकरणाचे तिन्ही न्यायालयांचे निकाल वाचायला द्यावेत आणि तीच यादी पुन्हा करायला सांगावी.

आपल्या अभ्यासक्रमात यासाठी एक दुपार मोकळी होईल का, हे कळवावे. आमची तारीख आम्ही आपल्या सोयीने ठरवू.

आपली नम्र,
पोक्सो प्रकरणांत काम करणारी एक सपोर्ट पर्सन